घानाच्या दारात ‘येते’ म्हणाले

आफ्रिकेला जाऊन आले म्हटलं की आमच्या गल्लीत पहिला प्रश्न ठरलेला: सिंह बघितला का? नाही बघितला. मी गेले होते पश्चिमेकडच्या घाना देशात, आणि तिथं मला त्रास दिलेला एकमेव प्राणी म्हणजे डास. त्याच्यासाठी एवढं लांब जायची गरज नव्हती, सोलापुरात तो घरपोच मिळतो. दुसरा प्रश्न असतो, माणसं कशी आहेत. त्याचं उत्तर ओट्यावर उभ्या उभ्या देता येत नाही, म्हणून लिहायला बसले.

आधी खरं सांगून टाकते. मी हौसेनं गेले नव्हते, पोराला परत आणायला गेले होते. माझा मुलगा सुगत चिंचोळी एमआयडीसीत सूतगिरणीच्या यंत्रांची देखभाल करायचा. तिथून घानातल्या टेमा या बंदराच्या गावी, एका कापड कारखान्यात नोकरीला गेला. दोन वर्षं म्हणून गेलेला, चार झाली. सुगतचे वडील जाऊन बरीच वर्षं झालीत. वळसंगच्या शाळेतून मी निवृत्त झाले आणि घरात मी आणि टीव्ही असे दोघंच उरलो. त्यातला टीव्ही जास्त बोलायचा. जूनमध्ये सुगतचा करार संपणार होता. मी ओळखीत शब्द टाकून चिंचोळीत त्याच्यासाठी जागा बघून ठेवली होती, वरच्या खोलीला रंगही काढून घेतला होता. तेवढ्यात त्याचा फोन आला.

‘‘आई, एक मुलगी हाय,’’ तो म्हणाला. ‘‘अकोसुआ नाव हाय. आमच्याच कारखान्यात लॅबमधी हाय. तिच्या घरी मागणी घालायला पोराकडचं मोठं माणूस लागतंय. तू ये की.’’

मोठं माणूस म्हणजे मी. मी हो म्हणाले, पण पोटात वेगळंच होतं. मुलगी बघू, चहापाणी करू आणि पोराला समजावून जूनमध्ये घरी आणू, असा माझा बेत होता.

बॅग भरायला शेजारची पद्माक्का आली. तिच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या माग आहेत, घरात तेलुगू आणि गल्लीत मराठी. शेंगाचटणी, कडक भाकऱ्या, माझ्या माहेरच्या मंगळवेढ्याच्या ज्वारीचं पीठ असं सगळं बसवलं. सोयऱ्यांना द्यायला म्हणून तिनं तिच्याकडची भारी चादर आणली, लाल आणि काळी. मी म्हटलं, जरा उजळ रंग नव्हता का? तर म्हणाली, ‘‘मळखाऊ बघून दिलेय. परदेशी माणसं, रोज कुटं धुत्यात? वर्षानुवर्षं नवी दिसंल बघ.’’ आमच्याकडं कापड घेताना दोनच प्रश्न विचारतात, रंग जाईल का आणि मळखाऊ आहे का. चादर बॅगेत गेली.

पद्माक्का गेल्यावर मी बॅगेच्या तळाशी आणखी एक वस्तू घातली. पांढरी रेशमी साडी, निळ्या काठाची. आम्ही बौद्ध. आमच्यात नवरी पांढरी नेसते. माझ्या लग्नात मी नेसले होते आणि पुढं आयुष्यभर शेजारणींचं ऐकलं, ‘‘बाई, लग्नात पांढरं कसलं नेसता तुमी?’’ होणाऱ्या सुनेला सासूनं पांढरी साडी द्यायची आमच्या घरची रीत. मी ती घेतली, पण द्यायचं ठरवलं नव्हतं. मन झालं तर बाहेर काढायची, नाही झालं तर जशीच्या तशी परत आणायची. बॅगेला कुलूप मीच लावलं आणि किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात अडकवली.

टेमा

विमानतळावर सुगतबरोबर एक धिप्पाड गृहस्थ आले होते, क्वाबेना. कारखान्यात सुगतच्या हाताखालच्या माणसांचे मुकादम. माझी बॅग त्यांनी गाडीत टाकली, इंग्रजीत ‘मी येतोय’ म्हणाले आणि सरळ उलट्या दिशेला चालू पडले. सुगत हसला. इथं जाताना असंच म्हणतात, म्हणाला, त्यांच्या भाषेत तसंच आहे. कारखान्यातले एक परदेशी इंजिनिअर पहिल्या दिवशी हे ऐकून माणसाची वाट बघत उन्हात उभेच राहिले होते.

मी म्हटलं, त्यात हसण्यासारखं काय? आपण तरी दारातून निघताना ‘जाते’ कुठं म्हणतो? मला ते इतकं साधं वाटलं की मी विसरूनही गेले. क्वाबेना थोड्या वेळानं पाण्याच्या पिशव्या घेऊन खरंच आले.

तिथली हवा म्हणजे वाफेवरचं मोदकपात्र. आपलं ऊन भाजतं, त्यांचं शिजवतं. पण सोलापूरकराला परकं वाटू नये असं पुष्कळ आहे. वीज जाते, आणि जाण्या-येण्याला त्यांनी एक लाडकं नाव ठेवलंय, ‘दुमसोर’, म्हणजे बंद-चालू. वीज गेली की गल्लीभर लोक सरकारला शिव्या घालतात, आली की गल्लीभर टाळ्या. पाण्याचं मी काही बोलले नाही. चार दिवसांआड नळ येणाऱ्या गावच्या माणसानं त्या विषयावर गप्प बसावं.

क्वाबेनांनी मला पहिला प्रश्न विचारला तो माझा जन्मवार. तिकडं प्रत्येकाला वाराचं नाव असतं. मंगळवारचा मुलगा क्वाबेना, रविवारची मुलगी अकोसुआ. मी म्हटलं, माझं नावच मंगल, मंगळवारी झाले म्हणून. माझे आजोबा सोमा, त्यांचा भाऊ बुधा. क्वाबेना गाडी चालवता चालवता स्टिअरिंगवर हात मारून हसले. म्हणाले, मंगळवारची बाई म्हणजे आबेना, आणि आपण दोघं एका वाराचे, म्हणजे भाऊबहीण. तेव्हापासून टेमात मी आबेना.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. बाजारात जाताना रस्त्याकडेला मोठा मांडव दिसला. बँड वाजत होता, माणसं रांगेनं नाचत होती आणि झाडून सगळे लाल-काळ्या कपड्यांत. बायकांच्या डोक्यालाही लाल-काळं बांधलेलं. सुगत पुढं बसून फोनवर बोलत होता, त्याला विचारलंही नाही. विचारायचं काय त्यात? एवढा थाट लग्नाशिवाय कशाचा असणार? मला बरंच वाटलं. पद्माक्काची चादर बरोबर त्याच रंगाची, आणि माझं काळं इरकलही लाल काठाचंच. म्हटलं, चला, आपले आणि यांचे शुभ रंग जुळले.

शुक्रवारचं कापड

अकोसुआ भेटली ती पुढच्या आठवड्यात, कारखान्याच्या फाटकात. मी मनात चित्र केलं होतं, आणि चित्रातल्या मुलीशी भांडणही करून झालं होतं. प्रत्यक्षात उंच, चष्मा लावलेली, चालताना घाईत असलेली मुलगी आली. तिनं गुडघे किंचित वाकवून दोन्ही हातांनी माझा हात धरला आणि सुगतनं शिकवलेलं मराठी बोलली: ‘‘आई, जेवला का?’’ तिला ‘जेवलात’ आणि ‘जेवला’तला फरक कसा सांगणार? आमच्या वळसंगच्या पोरांना तो सांगता सांगता माझी नोकरी संपली.

शुक्रवार होता. कारखान्यात जो दिसेल तो देशी कापडात. मॅनेजर, यंत्रावरची माणसं, फाटकावरचा पहारेकरी, सगळे पानाफुलांच्या, चक्रांच्या, पक्ष्यांच्या छापांत. अकोसुआनं सांगितलं, शुक्रवारी आपल्या देशाचं कापड घालायचं. मी मास्तरीण, मला लगेच प्रश्न, नाही घातलं तर दंड किती? ती म्हणाली, दंड नाही, पण लोक विचारतात, बरं नाही का तुला?

मला आमचं हसू आलं. सोलापूरची चादर जगात जाते आणि सोलापुरात निम्म्या घरांत झुळझुळीत पॉलिस्टरची ब्लँकेटं. पद्माक्काच्या सुनेनं परवाच एक आणलं, वर वाघ छापलेलं.

दुपारी ती मला जेवायला एका टपरीवर घेऊन गेली. टपरीवाली स्वतः जेवत बसली होती. आम्हाला बघून तिनं ताटाकडं हात केला आणि इंग्रजीत म्हणाली, ‘तुम्हाला आमंत्रण आहे.’ अकोसुआ मला काही समजावणार एवढ्यात मी हात हलवून सांगितलं, चालू द्या, चालू द्या. ‘या जेवायला’ म्हटलं की ‘होऊ द्या’ म्हणायचं हे काय मला शिकवायला लागतंय? अकोसुआ माझ्याकडं बघतच राहिली.

मग आमच्या पानात आला तांबूस भात, चवळीबरोबर शिजवलेला. त्याला ‘वाचे’ म्हणतात. रंग कशाचा म्हणून विचारलं तर टपरीवालीनं पातेल्यातून एक वाळकं लांब पान उचलून दाखवलं. ज्वारीचं पान. मी मंगळवेढ्याची. कडबा मी डोळे झाकून वासावरनं ओळखते. आम्ही जे बैलापुढं टाकतो त्यानं ही माणसं भात रंगवतात. मी दोनदा भात घेतला. बदल्यात टपरीवालीला शेंगाचटणीची पुडी दिली. तिनं बोटानं चाखली आणि डोळे मिटून म्हणाली, आमच्यासारखीच, फक्त तुम्ही लसूण मोजत नाही.

त्या दिवशी रात्री अंथरुणावर पडल्यावर मला अकोसुआचा राग येईना, ही मोठी पंचाईत झाली. वाईट मुलगी असती तर काम सोपं होतं.

सहा मार्च

अकोसुआचं गाव कोफोरिदुआजवळ, टेकड्यांच्या कुशीत. वाटेत दोन्ही बाजूंना कोकोची झाडं. फळं थेट खोडालाच लटकलेली, फणसासारखी. अकोसुआ आधीच पुढं गेली होती. क्वाबेना, सुगत आणि मी सहा मार्चला सकाळी पोचलो. हा त्यांचा स्वातंत्र्यदिन. गाव झेंड्यांनी भरलेलं होतं. लाल, पिवळा, हिरवा आणि मधे काळा तारा. मोटारसायकलीवर झेंडे, केळीवालीच्या टोपलीत झेंडा, एका बकरीच्या गळ्यातसुद्धा.

शाळेच्या मैदानात संचलन होतं. पोरं हात खांद्याच्या वर फेकत चालत होती, बूट आपटत होते, ढोल वाजत होता. ओळींच्या पुढं एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ शिट्टी तोंडात धरून उभे. ओळ वाकडी झाली की नुसत्या भुवईनं सरळ करायचे. मी मनात म्हटलं, हा माणूस आपल्या जातीचा, म्हणजे मास्तर. सुगत कानाशी म्हणाला, ‘‘आई, तेच तिचे मामा. वोफा याव. हितं सगळं मामाच्या शब्दावर चालतंय.’’

वोफा म्हणजे आईचा भाऊ. त्यांच्यात मूल आईच्या कुळाचं, म्हणून मामाचा मान बापाच्याही वर. मुख्याध्यापक होऊन निवृत्त झालेत, पण सहा मार्चची शिट्टी अजून कुणाला देत नाहीत.

राष्ट्रगीत सुरू झालं तशी मी आपोआप उठले, टाचा जुळवल्या, हात बाजूला. वळसंगच्या शाळेत इतकी वर्षं सव्वीस जानेवारी आणि पंधरा ऑगस्ट केले, आता शरीरच विचारत नाही. शेजारच्या खुर्च्यांवरचे पुढारी अर्धे उभे, अर्धे फोनवर. गाणं संपलं आणि बघते तर वोफा याव मैदानाच्या पलीकडून माझ्याकडं बघत होते.

नंतर ते भेटायला आले. आमच्या देशाचं आणि माझं वय जवळजवळ एक, असं सांगितलं. आजूबाजूच्या सगळ्यांच्या आधी आम्ही स्वतंत्र झालो, आमच्यात लढाई नाही, निवडणुकीत सरकारं पडतात आणि लोक दुसऱ्या दिवशी बाजारात जातात. मग खराब रस्ते, महागाई, परदेशी पळणारी हुशार पोरं यांच्याबद्दल तेवढ्याच जोरात बोलले. मी तक्रारीला मान डोलावली तर त्यांना आवडलं नाही. घरच्यानं घराला नावं ठेवावीत, पाहुण्यानं नव्हे, हा नियम मला ठाऊक होता, तरी चुकले.

मग सरळ मुद्द्यावर आले. ‘‘बाई, तुमच्या देशात दोन पासपोर्ट चालत नाहीत. शनिवारी तुम्ही आमचं दार वाजवणार. त्याआधी एक विचारतो. माझ्या भाचीची मुलं कुठलं राष्ट्रगीत लागलं की उभी राहणार?’’

‘शनिवारी सांगते,’ म्हणून मी वेळ मारून नेली. मी तर त्यांचा होणारा जावईच पळवायला आले होते.

दारावरची टकटक

मागणीच्या या रिवाजाला ते ‘दार वाजवणं’च म्हणतात. मुलाकडच्यांनी जाऊन दार वाजवायचं, पण स्वतः बोलायचं नाही. दोन्ही बाजूंना एकेक बोलणारा असतो, सगळं त्याच्या तोंडून. आमचे बोलणारे क्वाबेना. एक अडचण होती. दाराशी दारूच्या दोन बाटल्या ठेवायच्या असतात. मी म्हटलं, भाऊ, पाचवं शील मोडून मी सून आणणार नाही. क्वाबेना म्हणाले, काळजी करू नकोस, चर्चवाल्यांनी यावर तोडगा कधीच काढलाय. आम्ही फळांच्या रसाच्या बाटल्या घेतल्या, सोनेरी कागदात गुंडाळून.

शनिवारी मी काळं इरकल नेसले, ते लाल काठाचं. सुगतनं बघितलं आणि ‘छान दिसतंय की’ म्हणाला. पोरांना विचारून काही उपयोग नसतो. क्वाबेनांनी बघितलं, जरा थांबले आणि काही न बोलता गाडीचं दार उघडलं. त्यांना वाटलं, यांच्यात असंच असेल.

दार वाजवलं. आत घेतलं. आधी पाणी दिलं, सगळ्यांनी घोट घोट घेतलं, आणि मग त्यांच्या बोलणाऱ्यानं विचारलं, आमच्याकडं सगळं ठीक आहे, तुम्ही कसं येणं केलंत? अख्ख्या गावाला माहीत होतं आम्ही कशाला आलोय. पण आपल्याकडंही सोयरे बैठकीला आले की पाण्याचा तांब्या होऊन ‘काय काढलंत?’ विचारतातच की. क्वाबेना म्हणाले, आम्ही रस्त्यानं चाललो होतो, तुमच्या अंगणात एक सुंदर फूल दिसलं. सगळं माझ्या ओळखीचं होतं. मी ऐटीत चादरीचं पुडकं पुढं केलं.

अकोसुआच्या आईनं पुडकं सोडलं आणि चादर पसरली. लाल आणि काळी, खोलीच्या मधोमध.

आईनं हात मागं घेतले. एका म्हाताऱ्या बाईनं चादर बघितली, मग मला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. वोफा याव आपल्या बोलणाऱ्याच्या कानात काहीतरी म्हणाले. तो माणूस जरा घुटमळला आणि मग म्हणाला, ‘‘आमच्या पाहुण्या सुतकाचं कापड नेसून आल्यात आणि सुतकाचंच घेऊन आल्यात. त्यांचं कोण गेलं?’’

क्वाबेनांनी मला खालच्या आवाजात सांगितलं, तेव्हा तो शनिवारचा मांडव माझ्या डोळ्यांपुढं आला. ते लग्न नव्हतं, कुणाचा तरी अंत्यविधी होता. तिकडं माणसाला वाजतगाजत निरोप देतात, आणि लाल-काळं त्याचंच. मी एका चांगल्या घरात, मुलगी मागायला, सुतक पांघरून बसले होते. सुगतचा चेहरा पडला. दाराआडून अकोसुआ बघत होती, तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

लाज तर वाटलीच. पण त्याहून वाईट म्हणजे प्रश्न बरोबर होता. माझं कोण गेलं? सोलापुरातून निघाल्यापासून मी त्याच मनानं फिरत होते, पोरगा गेला म्हणून. रंगाची चूक पद्माक्काची असेल, मन माझंच होतं. इतक्या दिवसांत या मुलीनं, तिकडच्या माणसांनी माझं काय घेतलं होतं? जेवायला बोलावलं होतं, नाव दिलं होतं. मी समोर तिच्याकडं बघितलं आणि गळ्यातली किल्ली चाचपली. बॅग गाडीत होती.

मी उठले. दाराकडं वळले आणि वळता वळता सवयीनं तोंडातून निघालं, ‘‘येते हं.’’

मागं कुजबुज झाली. पाहुणी रागावून निघाली, असंच सगळ्यांना वाटलं. तेवढ्यात कुणीतरी विचारलं असावं, ती काय म्हणाली? आणि सुगतनं विचार न करता त्यांच्या भाषेत सांगून टाकलं, ‘‘ती म्हणते, मी येतेय.’’

मी उंबऱ्यावर, खोलीकडं पाठ. आणि मागून हसण्याचा एवढा मोठा आवाज आला की मी थबकले. वोफा याव खुर्चीतून उठले होते. ते बोलणाऱ्यामार्फत बोलायचं विसरले, सरळ मलाच म्हणाले, ‘‘दाराबाहेर जाताना ‘येतेय’ म्हणणारं माणूस मी आमच्या लोकांशिवाय आजवर बघितलं नव्हतं. तुमच्यात असं म्हणतात?’’

‘‘म्हणतात,’’ मी म्हटलं. ‘‘‘जाते’ म्हणायचं नसतं. ‘जाते’ फक्त मेलेलं माणूस म्हणेल.’’

‘‘मग या लवकर,’’ ते म्हणाले.

गाडीतून मी पांढरी साडी आणली. आत येऊन अकोसुआला बोलावलं आणि तिच्या खांद्यावर उलगडून घातली. आता क्वाबेनांना बाजूला बसवलं आणि माझ्या मोडक्या इंग्रजीत मीच बोलले. म्हटलं, आमच्या घरी नवरी पांढरं नेसते, मीही नेसले होते. लोकांना ते विचित्र वाटतं. तुम्हालाही वाटलं तर सांगा, दुसरी आणते.

अकोसुआच्या आईनं साडीवरून हात फिरवला. म्हणाली, ‘‘आमच्यात बाळ झालं की पांढरं नेसतात. संकटातून सुटलं की पांढरं. देवाचे आभार मानायला पांढरं. यात विचित्र काय?’’ माझ्या आयुष्यात पहिल्यांदा पांढऱ्या साडीबद्दल मला पुढं काही सांगावं लागलं नाही. मी रडले, आणि कुणापासून लपवलं नाही.

वोफा यावांनी आपला प्रश्न मात्र सोडला नाही. मास्तर कुठला सोडतो? मी म्हटलं, सर, मुलं दोन्हींना उभी राहतील. तुमचंही गाणं फार मोठं नाही, आमचंही नाही. पाय दुखणार नाहीत. त्यांनी भुवई वर केली, ओळ तपासली, आणि मान डोलावली.

चादर घडी करून मी परत घ्यायला लागले तर त्यांनी हातच ठेवला. ‘‘असू द्या,’’ म्हणाले. ‘‘इतकं भारी कापड माझ्या अंत्यविधीला शोभेल. फक्त घाई करू नका.’’ पद्माक्काचं म्हणणं खरं होणार, ती चादर वर्षानुवर्षं नवी राहणार.

निघताना

परतीच्या दिवशी विमानतळावर सगळे आले. अकोसुआनं माझ्या बॅगेत त्यांची काळी झणझणीत चटणी, चॉकलेटं आणि शुक्रवारचं एक कापड कोंबलं होतं, हिरवं-पिवळं, अजिबात मळखाऊ नसलेलं. सुगत बराच वेळ चुळबुळत होता. शेवटी म्हणाला, ‘‘आई, ते चिंचोळीचं... काय कळवू त्यानला?’’

‘‘तू काय कळवतोस, मीच सांगते,’’ मी म्हटलं. ‘‘पोरगं कामात हाय, त्याला जमायचं न्हाय म्हणून.’’

त्यानं मान खाली घातली आणि लहानपणी परीक्षेला जाताना धरायचा तसा माझा पदर धरला. लग्न डिसेंबरात ठरलंय. तिथं व्हायचं, त्यांच्या रिवाजानं आणि आपल्या पंचशीलानं, आणि मला पुन्हा दार वाजवायला जायचंय. आत जाण्याआधी मी सगळ्यांकडं वळून म्हणाले, ‘‘येते.’’ वोफा यावांनी हात उंच केला. अकोसुआला बहुधा सुगतनं आदल्या दिवशी घोकून घेतलं असावं. ती अगदी बरोबर म्हणाली, ‘‘या, आई.’’

सोलापुरात उतरले तर ऊन नेहमीसारखं भाजत होतं. पद्माक्का दारातच उभी. मी शुक्रवारचं कापड दाखवलं, तिनं सूत चोळून बघितलं, रंग जाईल का विचारलं. चादरीचं मी अजून पूर्ण सांगितलेलं नाही, फक्त मामांनी जपून ठेवलीय एवढंच सांगितलं. मग तिनं मुख्य प्रश्न विचारला, पोरगं जूनला येतंय न्हवं?

‘‘न्हाय,’’ मी म्हटलं. ‘‘मीच डिसेंबरात येते म्हणून सांगितलंय.’’

‘‘कुटं येतीस?’’ पद्माक्का म्हणाली. ‘‘हितंच तर हायस की. जाते म्हण.’’

इतकी वर्षं पोरांचं मराठी सुधारलं, पण माझं हे वाक्य काही मी दुरुस्त केलं नाही.